धूर दिसतो, धूळ मोजावी लागते

जळगावहून अजिंठ्याकडे निघालेली एस.टी. नेरी मागे टाकून पहूरला थांबते. वाघूर नदीकाठचे हे गाव. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशी त्याची दोन अंगे आहेत. जामनेरकडून येणारा आणि शेंदुर्णी-पाचोऱ्याकडून येणारा असे दोन्ही रस्ते येथे मोठ्या रस्त्याला मिळतात. त्यामुळे कापसाचे ट्रक, एस.टी., सहलींच्या गाड्या, ट्रॅक्टर आणि काळी-पिवळी या सर्वांची येथे गाठ पडते. पुढे फर्दापूर लागते आणि मग अजिंठ्याची लेणी.

खानदेशातल्या बहुतेक शाळांची एक तरी सहल या रस्त्याने गेलेली असते. लेण्यांच्या अलीकडे सुमारे चार किलोमीटरवर, फर्दापूर फाट्याला, आपली गाडी थांबवावी लागते. तेथून पुढे एस.टी. महामंडळाच्या कमी प्रदूषण करणाऱ्या बसमध्ये बसायचे. मुले विचारतात, ‘असे का?’ आपण सांगतो, ‘गाड्यांच्या धुराने लेण्यांतली चित्रे खराब होऊ नयेत म्हणून.’ उत्तर बरोबर आहे. पण एखादा चौकस विद्यार्थी याच्या पुढचा प्रश्न विचारू शकेल: ‘चित्रांना धूर बाधतो, मग पहूरच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या माणसांना तो बाधत नाही का?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर वाहनांच्या धुराचा आणि त्याहूनही अधिक धूर मोजण्याच्या पद्धतींचा इतिहास पाहावा लागतो. आम्हांला असे दिसते की, माणसाने प्रत्येक काळात धुराचा जेवढा भाग मोजला तेवढ्याचाच बंदोबस्त केला. जो भाग मोजला नाही तो हवेत राहिला आणि छातीत गेला.

गिरण्यांची धुराडी

मुंबईतील पहिली कापड गिरणी उभारण्यासाठी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली. पुढच्या पन्नास वर्षांत ताडदेव, परळ, लालबाग या भागांत गिरण्यांची रांग उभी राहिली आणि धुराडी ही शहराची ओळख झाली. गिरण्या कोळशावर चालत. कोळसा नीट जळला नाही की धुराड्यातून काळा धूर निघे आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसे. तक्रारी वाढल्या. कोलकात्यासाठी १९०५ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला होता. मुंबईसाठी तसाच कायदा १९१२ मध्ये झाला.

पण धूर जास्त की कमी हे ठरवायचे कसे? त्या काळी जगभर वापरात असलेले एक साधन होते रिंगेलमानचा तक्ता. मॅक्सिमिलियन रिंगेलमान हे पॅरिसमधले कृषी-अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांनी १८८८ च्या सुमारास पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या आखून फिकट करड्यापासून काळ्यापर्यंतच्या छटा तयार केल्या. निरीक्षकाने तक्ता समोर धरायचा, धुराड्याकडे पाहायचे आणि धुराची छटा कोणत्या क्रमांकाशी जुळते ते नोंदवायचे. साधन स्वस्त होते आणि वापरायला सोपे होते. मात्र त्याचे मापक यंत्र म्हणजे माणसाचा डोळा. जे डोळ्याला काळे दिसत नाही ते या तक्त्याच्या हिशोबी नव्हतेच.

लंडनचे पाच दिवस

डोळ्यावर किती विसंबावे याचा कठोर धडा लंडनने ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत घेतला. थंडी कडाक्याची होती, घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटल्या होत्या आणि वारा पडला होता. एरवी जमिनीलगतची हवा गरम असते व वर जावे तसे तापमान कमी होते. त्यामुळे गरम हवा वर चढते आणि धूरही बरोबर नेते. त्या दिवसांत उलटे घडले. जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण. धूर वर जाईना. हाताच्या अंतरावरचे दिसेना. एका नाट्यगृहात धुके आत शिरल्याने संगीतिकेचा प्रयोग मध्येच थांबवावा लागला.

(तापमानाची अशी उलटापालट आपल्याकडेही हिवाळ्यात होते. पौषातल्या सकाळी शेकोटीचा धूर वर न जाता शिवारावर आडवा पसरतो, तो याच कारणाने. वर्गात हे उदाहरण जरूर द्यावे.)

या पाच दिवसांत आणि लगेच नंतरच्या काळात सुमारे चार हजार माणसे जास्तीची दगावली, असा अंदाज त्या वेळी करण्यात आला. नंतरच्या संशोधकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, मृत्यूंचे प्रमाण लोकांच्या लक्षात आले ते आधी शवपेट्या आणि फुले यांचा तुटवडा पडल्यावर, आणि मग नोंदवह्या तपासल्यावर. दम्याचे, हृदयविकाराचे, म्हातारे आणि तान्ही मुले घरात बसून गेली. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला.

लंडनमध्ये तेव्हा तक्त्यापेक्षा एक पाऊल पुढची पद्धत वापरली जात होती. ठरावीक हवा पांढऱ्या गाळणकागदातून ओढायची आणि कागदावर पडलेल्या डागाचा काळेपणा मोजायचा. डोळ्याची जागा डागाने घेतली. तरीही पारख रंगाचीच होती.

धूर रस्त्यावर उतरला

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०७ मध्ये विजेची. मोटारबस १५ जुलै १९२६ पासून धावू लागली. ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली. म्हणजे रस्त्यावर धूर न सोडणारे वाहन मोडीत निघाले आणि धूर सोडणारी वाहने वाढत गेली. हाच क्रम जगातल्या अनेक शहरांत घडला. आमच्या भागात पाहायचे तर पाचोरा-जामनेर ही छोट्या रुळांची ‘पी.जे.’ गाडी पहूरवरून शंभर वर्षे धावली. मार्च २०२० मध्ये ती बंद पडली आणि तिचा उरलासुरला प्रवासीही रस्त्यावर आला. या मार्गाचे रुंदीकरण होऊन गाडी पुन्हा धावेल अशी लोकांची अपेक्षा आहे.

गिरणीचे धुराडे आणि ट्रकचे धुराडे यांत एक मोठा फरक आहे. गिरणीचे धुराडे शे-दीडशे फूट उंच असते. त्यातला धूर खाली येईपर्यंत बराच विरळ होतो. ट्रकचा धूर रस्त्यालगत, माणसाच्या नाकाच्या उंचीवर किंवा त्याहून खाली सुटतो. सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुलाच्या नाकाची उंची ध्यानात घ्या. म्हणून वाहनातून निघणारा धूर एकूण वजनाने थोडा असला तरी छातीत जाणारा त्याचा वाटा मोठा असतो.

डिझेलचा धूर काळा का, हेही पाहू. पेट्रोलच्या इंजिनात इंधन आणि हवा आधीच मिसळलेली असतात. डिझेलच्या इंजिनात दाबलेल्या गरम हवेत इंधनाचा फवारा सोडतात. फवाऱ्याच्या मध्यभागी हवा कमी पडते. तेथे इंधन पुरते न जळता त्यातला कार्बन काजळीच्या कणांच्या रूपाने उरतो. इंजिन झिजलेले, फवारा बिघडलेला किंवा गाडीत जास्त माल भरलेला असेल आणि घाट चढायचा असेल तर काजळी आणखी वाढते. या काजळीवर न जळलेल्या तेलाचे अंश आणि गंधकाची संयुगे चिकटून बसतात. दोन-फटकी इंजिनाच्या जुन्या रिक्षांचा धूर निळसर असे, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेले वंगणतेलही त्यात अर्धवट जळत असे.

वजनाचा काटा

भारतात हवेची पद्धतशीर मोजणी सुरू करण्यात नागपूरच्या संस्थेचा मोठा वाटा आहे. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य-अभियांत्रिकीची संशोधन संस्था म्हणून ती स्थापन झाली आणि १९७४ मध्ये तिला ‘राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था’ म्हणजेच ‘नीरी’ हे नाव मिळाले. १९७८ पासून नीरीने मुंबई-नागपूरसह देशातील दहा शहरांत हवा मोजायला सुरुवात केली. त्याच सुमारास मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या टोकाने शोध सुरू केला. त्यांनी शहरातल्या कमी, मध्यम आणि जास्त प्रदूषणाच्या वस्त्या निवडल्या, तुलनेसाठी एक ग्रामीण वस्ती घेतली आणि तेथील हजारो माणसांची छाती, खोकला, दम यांची वर्षानुवर्षे तपासणी केली. प्रदूषित वस्त्यांत श्वसनाचे विकार अधिक आढळले. हवेचा आकडा आणि माणसाची छाती यांचा संबंध आपल्याकडे एवढ्या मोठ्या प्रमाणावर जोडण्याचे हे काम फार मोलाचे आहे.

१९८१ मध्ये हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९८४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर मोजणी सुरू केली तेव्हा पहिली सात केंद्रे आग्रा आणि अनपारा येथे होती. अनपाऱ्यात औष्णिक वीजकेंद्र, आणि आग्र्यात ताजमहाल! अजिंठ्याच्या चित्रांची आठवण येथे होते.

मोजण्याचे यंत्र तसे साधे होते. घराच्या आकाराच्या छोट्या पेटीत एक जोरकस पंखा बसवलेला असे. तो मिनिटाला एक घनमीटरहून अधिक हवा काचतंतूंच्या गाळणीतून ओढी. चोवीस तासांपूर्वी आणि नंतर गाळणीचे वजन करायचे. वजनातली वाढ म्हणजे हवेतले ‘तरंगते धूलिकण’. डाग गेला आणि तराजू आला. रंग कोणताही असो, कण हिशोबात येऊ लागला.

पण तराजूचीही एक अडचण आहे. ती मुलांना गणिताने समजावून देता येईल. दहा मायक्रॉन व्यासाचा एक कण घ्या. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. आता अडीच मायक्रॉनचे कण घ्या. व्यास चौथाई, म्हणून घनफळ एक-चौसष्टांश. घनता सारखी धरली तर एका मोठ्या कणाच्या वजनात असे ६४ बारीक कण बसतात. काजळीचा कण दशांश मायक्रॉनचा धरला तर व्यास शंभरावा भाग होतो आणि त्याच वजनात तब्बल दहा लाख कण मावतात! त्यांचा एकूण पृष्ठभाग मात्र शंभरपट होतो, म्हणजे विषारी पदार्थ चिकटायला शंभरपट जागा. तराजूला वाटेल दोन्हीकडे सारखेच आहे. फुप्फुसाला तसे वाटत नाही.

कारण शरीराची स्वतःची गाळणी आहे. मोठे कण नाकातल्या केसांत व ओलाव्यात अडकतात आणि शिंकेबरोबर बाहेर पडतात. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण घशाच्या खाली उतरतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. अतिसूक्ष्म कणांतले काही रक्तातही जातात. म्हणून केवळ वजन पुरेसे नव्हते. आकारही पाहायला हवा होता.

सहा शहरे

आकाराचे महत्त्व ज्या अभ्यासाने पटवले तो अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा शहरांतील ८,१११ प्रौढ माणसे निवडली. वय, धूम्रपान, व्यवसाय यांच्या नोंदी केल्या आणि चौदा ते सोळा वर्षे त्यांचा मागोवा घेतला. दरम्यान प्रत्येक शहराची हवा मोजली. १९९३ मध्ये डग्लस डॉकरी, आर्डेन पोप आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांत स्वच्छ शहर होते पोर्टेज. तेथे अडीच मायक्रॉनखालचे कण दर घनमीटरला सरासरी ११ मायक्रोग्रॅम होते. सर्वांत घाण शहर होते स्टुबेनव्हिल. तेथे ते २९.६ होते. धूम्रपानादी कारणे वजा करूनही दुसऱ्या शहरातला मृत्युदर पहिल्यापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक निघाला.

यातला धक्कादायक भाग असा की, स्टुबेनव्हिलमध्ये लंडनसारखा अंधार कधी पडला नव्हता. तेथली हवा त्या काळच्या समजुतीप्रमाणे चालण्यासारखी होती. उद्योगांनी निष्कर्षांवर आक्षेप घेतले. तेव्हा मूळ माहिती तटस्थ तज्ज्ञांच्या हाती देऊन सगळे गणित पुन्हा करण्यात आले. २००० मध्ये तेच उत्तर पुन्हा आले. विज्ञानात शंका घेणे आणि शंका फेडणे कसे चालते याचा हा चांगला नमुना आहे.

अमेरिकेने १९९७ मध्ये पीएम २.५ साठी, म्हणजे अडीच मायक्रॉनखालच्या कणांसाठी, मर्यादा ठरवली. भारताच्या १९९४ च्या मानकांत तरंगत्या धूलिकणांबरोबर श्वसनीय धूलिकण, म्हणजे पीएम १०, आले होते. पीएम २.५ आले नोव्हेंबर २००९ मध्ये. आपली वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम ठरली. स्टुबेनव्हिलचा आकडा २९.६ होता हे येथे आठवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा तर फक्त ५ आहे.

मुंबईची टॅक्सी

आता पुन्हा मुंबईकडे वळू. १९९० च्या दशकात तेथे पन्नास हजारांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या. बहुतेक प्रीमियर पद्मिनी. पेट्रोलपेक्षा डिझेल स्वस्त म्हणून कितीतरी मालकांनी त्यांत डिझेलची इंजिने बसवून घेतली होती. इंधनात रॉकेलची भेसळही चाले. त्या काळच्या डिझेलमध्ये गंधकच एक टक्क्यापर्यंत असे. सिग्नलला उभे राहिले की समोरच्या गाडीच्या मागून काळा लोट अंगावर येई.

१९९९ मध्ये धुराने त्रासलेल्या रहिवाशांच्या मंचाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी सर्व बसगाड्या नैसर्गिक वायूवर आणण्याचा आदेश दिलेला होताच. मुंबईच्या न्यायालयाने १७ डिसेंबर १९९९ रोजी परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचा निर्देश दिला. समितीचा अहवाल २००० मध्ये आला आणि त्यानंतरच्या आदेशांनी जुन्या टॅक्सींना दाबयुक्त नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. हा बदल सुखासुखी झाला नाही. टॅक्सीवाल्यांना कर्ज काढावे लागले, वायूच्या पंपांपुढे रात्र-रात्र रांगा लागल्या. शहराच्या हवेची किंमत प्रथम त्या टॅक्सीचालकाने दिली, हे विसरता कामा नये. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली.

याच काळात इंधनही सुधारत गेले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. भारत स्टेज चार या टप्प्याचे, म्हणजे दशलक्ष भागांत ५० भाग गंधकाचे डिझेल २०१० मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर यांसह तेरा शहरांना मिळाले. संपूर्ण देशात ते एप्रिल २०१७ मध्ये पोहोचले. म्हणजे एकाच राज्यात मोठ्या शहरांना एक डिझेल आणि बहुतेक लहान गावांना दुसरे, असा प्रकार काही वर्षे चालला. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले. गंधक १० भागांवर आले, डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी आली आणि काही वाहनांसाठी कणांचे वजनच नव्हे तर संख्याही मोजण्याचा नियम आला. डोळा, डाग, तराजू, चाळणी आणि आता गणती, असा हा प्रवास आहे.

मात्र रस्त्यावरच्या जुन्या डिझेल गाडीची पी.यू.सी. तपासणी आजही धुरातून प्रकाश किती अडतो यावर होते. म्हणजे रिंगेलमान यांचा तक्ता यंत्राच्या रूपाने अजून आपल्यात आहे. ढळढळीत बिघडलेली गाडी त्यात सापडते, पण बारीक कण सोडणारी गाडी सुटू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे निश्चित केले, हे लक्षात घेता ही उणीव लहान नाही.

धूळ की धूर?

अमेरिकेप्रमाणे आपल्याकडेही सहा शहरांचा एक अभ्यास झाला. त्याचा अहवाल २०११ मध्ये आला. मुंबई आणि पुणे त्यात होते. मुंबईचे काम नीरीने केले. प्रश्न असा होता: गाळणीवर जमलेल्या कणांत रस्त्याची माती किती, गाड्यांचा धूर किती आणि चुलीचा किती? उत्तर विचार करण्याजोगे आहे. पीएम १० मध्ये रस्त्याच्या धुळीचा वाटा मोठा. पीएम २.५ कडे गेले की धुळीचा वाटा घटतो आणि जळणातून आलेल्या कणांचा वाढतो. एकच हवा, पण दोन चाळण्यांतून दोन वेगळे आरोपी दिसतात.

आणि धूळ म्हणजे केवळ निसर्गाची देणगी नव्हे. चाके ती पुन्हा पुन्हा उडवतात, तिच्यात ब्रेक आणि टायर यांची झीज मिसळते. विजेची गाडी धूर सोडत नाही, पण टायर तिचेही झिजतात.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. सलग पाच वर्षे मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्राची अनेक शहरे आली. त्यांत मुंबई, पुणे, नागपूर यांच्याबरोबर आपले जळगावही आहे. जळगावात मोजणीची केंद्रे आहेत, म्हणून जळगावचा आकडा आहे. आकडा आहे म्हणून नाव यादीत आहे. नाव यादीत आहे म्हणून निधी आणि आराखडा आहे. मात्र कार्यक्रमाची परीक्षा मुख्यतः पीएम १० वर झाली. साहजिकच शहरांनी रस्ते झाडण्याची यंत्रे, पाण्याचे फवारे, रस्त्याकडेचे फरसबंद यांवर भर दिला. हे निरुपयोगी नाही. पण डिझेलच्या काजळीला पाण्याच्या फवाऱ्याचे फारसे भय नसते.

मुंबईतही प्रश्न संपलेला नाही. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने बिघडत्या हवेची स्वतःहून दखल घेतली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का, हे पाहण्यासाठी राज्य शासनाने समिती नेमली.

पहूरचा आकडा

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर देता येईल. अजिंठ्याच्या चित्रांना धूर बाधतो तसा पहूरच्या माणसांनाही बाधतो. फरक एवढाच की, चित्रांवर लक्ष ठेवणारे लोक होते, मुंबई-जळगावात आकडे होते; रस्त्याकडेच्या गावाची गणती मोठ्या शहरांच्या यादीत होत नाही. यादीत नसणे म्हणजे हवा स्वच्छ असणे नव्हे. मोठ्या शहराचा ट्रक शहराच्या वेशीवर धूर सोडायचे थांबवत नाही. तो पहूर, फर्दापूर, शेंदुर्णी अशा गावांच्या बसस्टँडवरून आणि शाळांच्या दारावरून जातो.

शाळेत काय करता येईल? पोस्टकार्डाएवढे पांढरे पुठ्ठे घ्या. त्यांवर व्हॅसलीनचा पातळ थर द्या. एक रस्त्याकडेच्या खिडकीत, एक शाळेच्या मागच्या बाजूला, एक शेतातल्या झाडावर बांधा. दोन दिवसांनी भिंगातून पाहा आणि एका चौरस सेंटिमीटरमधले ठिपके मोजा. त्याच वेळी शाळेसमोरून तासाभरात किती ट्रक, बस, जीपगाड्या, दुचाकी गेल्या ते मुलांना लिहू द्या. सकाळच्या आणि दुपारच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवा. हिवाळा आणि पावसाळा यांची तुलना करा.

पण प्रयोग झाल्यावर मुलांना एक गोष्ट अवश्य सांगा. पुठ्ठ्यावर दिसली ती जड धूळ. जे कण वायुकोशांपर्यंत जातात ते पुठ्ठ्यावर क्वचितच चिकटतात आणि भिंगाला दिसत नाहीत. आपला प्रयोग अजून रिंगेलमान यांच्या काळात आहे. पुढचे मोजमाप करण्यासाठी यंत्र लागेल, आणि ते आपल्या रस्त्यावरही बसावे अशी मागणी नोंदींच्या आधारे ग्रामपंचायतीकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करता येईल.

तोपर्यंत मोजणीची वाट न पाहता करण्यासारख्याही गोष्टी आहेत. शाळा सुटताना फाटकापाशी उभ्या असलेल्या गाड्यांची इंजिने बंद ठेवायला सांगावे. प्रार्थना व कवायत रस्त्यालगत न घेता मागच्या अंगणात घ्यावी. लहान वर्ग रस्त्यापासून दूरच्या खोल्यांत भरवावेत. रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेले तरी काजळीचे प्रमाण बरेच उतरते. पुढच्या सहलीला फर्दापूर फाट्यावर गाडी थांबेल, तेव्हा मुलांना उतरवताना हा सगळा इतिहास थोडक्यात सांगावा. चित्रांपासून चार किलोमीटर दूर ठेवलेला धूर आपल्या शाळेपासून किती मीटरवर आहे, हे परत आल्यावर त्यांनी फीत लावून मोजावे.